‘गन कशी आहे?’ असं विचारू नका

नेमबाजीच्या रेंजवर मुलगा दाखल झाला की महिना-दोन महिन्यांत त्याचे वडील मागच्या बाकावर येऊन बसतात आणि हळूच विचारतात, “सर, कुठली गन घेऊ?” १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रॉन्झ मिळवलं, ते .२२ बोअरच्या (०.२२ इंच नळीच्या) रायफलने, म्हणजे लायसन्सवाल्या. पण सुरुवात बहुतेकांची १० मीटरवर, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलने किंवा पिस्तुलाने होते. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, श्टायर, आन्शुट्झ, मोरिनी, पार्दिनी अशी कंपन्यांची नावं कानावर पडतात, किंमत लाखांत जाते आणि ज्याला विचारावं तो स्वतःचीच गन चांगली म्हणतो. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

कुठली गन किती भरवशाची, हे मी पहिल्यांदा गनच्या मालकांना विचारलं तेव्हा पाचपैकी गुण द्यायला सांगितले होते. सगळ्यांनी चार किंवा पाच दिले. कागद वाया गेला. दुसऱ्या खेपेला जे केलं ते असं.

पायरी १: आधी गट बांधा. रायफल आणि पिस्तूल वेगळे ठेवा. कंपनीवर थांबू नका, मॉडेल आणि शक्यतो उत्पादनाचं वर्ष लिहा. गन नवी घेतली की सेकंड-हँड, हेही विचारा.

पायरी २: ‘अडणं’ म्हणजे काय ते ठरवा. सगळी मेहनत इथे आहे. ट्रिगर दाबूनही शॉट सुटला नाही, हवा गळाली, ट्रिगरचं सेटिंग आपोआप सरकलं, छर्ऱ्याचा वेग कमी-जास्त होऊन ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) पसरला: एवढं गनच्या खात्यावर. हवेचा सिलिंडर भरायचा राहिला, छर्ऱ्यांचा डबाच खराब निघाला, हे तिच्या माथी मारू नका. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची बॅटरी उतरली तर? त्यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. शेवटी वेगळा रकाना केला.

मग विचारा, “गेल्या दिवाळीपासून किती वेळा अडली?” ‘गेल्या वर्षभरात’ म्हटलं की माणूस तीन वर्षांपूर्वीचं दुखणंही त्यात घालतो; दिवाळी सगळ्यांना आठवते.

नुसता आकडाही पुरत नाही. किती शॉट मारले हे कुणी मोजत नाही, पण महिन्याला किती डबे लागतात ते घरातला पैसे देणारा बरोबर सांगतो. मॅचच्या छर्ऱ्यांचा डबा सहसा ५०० चा. दिवाळीपासून वर्ष झालं असेल, तर महिन्याला दोन डबे म्हणजे १२,००० शॉट. त्यात गन दोनदा अडली तर ६,००० शॉटमागे एकदा. महिन्याला एकच डबा मारणाऱ्याचीही दोनदा अडली असेल, तर ३,००० मागे एकदा. दोघंही “दोनदा” म्हणाले, पण दुसऱ्याची गन दुप्पट कटकटी.

पुढे विचारा: दुरुस्त कुणी केली, किती दिवस गेले, सुटा भाग कुठून आला? पावसाळ्यात गन कशी ठेवता, हे कोकणातल्या मालकांना नक्की विचारा, नाहीतर गंजाचा दोष कंपनीला जाईल. सिलिंडरवर कोरलेली तारीखही लिहून घ्या, त्यावरून त्याचं वय कळतं.

स्कोअर मात्र विचारू नका. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो हुकला तर चूक श्वासाची की बॅरलची, हे मालक कसं सांगणार? त्यासाठी गन क्लॅम्पमध्ये बांधून ग्रुप काढावा लागतो. ते वेगळं काम.

पायरी ३: ज्यांनी गन विकली त्यांना गाठा. आजचे मालक म्हणजे न वैतागलेले मालक. वैतागलेल्यांनी केव्हाच विकून टाकलेली असते. उलट, गन दुरुस्त करणाऱ्याला विचाराल तर त्याच्या टेबलावर फक्त बिघडलेल्याच येतात. दोघांचंही ऐका, पण एकाच रकान्यात लिहू नका. कंपनीकडून किंवा विक्रेत्याकडून सवलत मिळालेल्यांच्या नोंदीपुढे खूण करा.

पायरी ४: एकेकट्याला विचारा. व्हॉट्सॅप ग्रुपवर प्रश्न टाकला की आधी एखादा सिनियर लिहितो आणि खाली सगळे “अगदी बरोबर दादा”. नाव, पत्ता, गनचा नंबर, लायसन्स नंबर काही घेऊ नका. कुणाच्या घरात कुठलं शस्त्र आहे ही यादी चोराच्या हाती पडली तर ती तुम्हीच करून दिलेली असेल. .२२ वाल्यांच्या बाबतीत तर जास्तच जपा.

पायरी ५: बेरीज करताना हात आखडता ठेवा. दहाच्या आत मालक असतील तर टक्केवारी काढूच नका, ‘६ पैकी २’ एवढंच लिहा. आणि शून्यावर भाळू नका. ३० मालकांपैकी एकाचीही गन अडली नाही, तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३ ला मालकांच्या संख्येने भागायचं, हा संख्याशास्त्रातला सोपा आडाखा आहे.

कागदाच्या डोक्यावर तारीख आणि किती जणांना विचारलं ते लिहा. आमच्या कागदावर सगळ्यात वर आलेली दोन मॉडेल्स अडण्यात जवळपास सारखी निघाली. फरक सापडला दुरुस्तीच्या रकान्यात. एकीचं सील (हवा अडवणारी रिंग) आठवड्यात मिळत होतं, दुसरीसाठी दोन महिने थांबावं लागत होतं. बाकावरच्या वडिलांनी तेवढीच ओळ मोबाइलमध्ये टिपून घेतली.