पेटंट काढताय? मग या चुका टाळा, सोलापूरकरांनो

सोलापुरात पेटंटची चौकशी करणारी मंडळी साधारण तीन प्रकारची. एक तर फार्मसी नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजचे सर-मॅडम, दुसरे चिंचोळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले छोटे कारखानदार, आणि तिसरे शेंगाचटणी, कडक भाकरी, डाळिंब असलं काहीतरी पॅक करून बाहेरगावी पाठवणारे. कुणाचं लॅबचं यंत्र, कुणाचं औषध, कुणाचा पाऊच, विषय वेगळे पण चुका त्याच त्याच. आणि पेटंट ऑफिस नाही म्हणायच्या आधीच बऱ्याच जणांनी आपल्या हातानं पेटंट घालवलेलं असतं हे जास्त वाईट.

आधी गावभर दाखवलं, मग अर्ज

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. होम मैदानावर प्रदर्शन लागलं की स्टॉल घ्यायचा, नवीन पॅकिंग मांडायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवायचं, पोरगं रील टाकतं, पेपरवाला फोटो छापतो, आणि दोन महिन्यांनी 'आता पेटंट करून टाकू की ओ'. आता काय करणार? आपल्याकडं अर्जाच्या तारखेआधी गोष्ट जगाला माहीत झाली की ती नवीन राहत नाही, मग ती तुम्हीच दाखवली असली तरी. कायद्यात सूट आहे, पण ती सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला, आणि तिथं मांडल्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर. विद्वत्सभेपुढं वाचलेल्या पेपरलाही अशीच १२ महिन्यांची सूट आहे, पण आपल्या कॉलेजातल्या दोन दिवसांच्या कॉन्फरन्सला ती लागू होणारच असं धरून चालू नका. पीएचडीचा थिसिस शोधगंगेवर, म्हणजे थिसिस सगळ्यांना वाचायला ठेवणाऱ्या साइटवर, चढला, एमफार्मचा पेपर जर्नलमधे आला, की संपलं. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीला वर्षभराची सवलत असते, ते कुठंतरी वाचून लोक इथं बिनधास्त राहतात.

जेम्स ड्यूअरनं १८९२ साली दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेला फ्लास्क केला, लॅबमधे अतिथंड वायू साठवायला. पेटंट घेतलं नाही. पुढं १९०४ मधे जर्मनीत थर्मॉस नावाची कंपनी निघाली, त्याच कल्पनेवर चहा-कॉफी गरम ठेवायच्या बाटल्या विकायला लागली, ड्यूअर कोर्टात गेला आणि हरला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, तर आपलं काय घेऊन बसलात.

दाखवून झालंच असेल तर? नेमकं काय बाहेर गेलं ते आधी लिहून काढा. पाऊच बाहेरून दिसला पण आतल्या थरांचा क्रम, सीलिंगचं तापमान, व्हॉल्व्हच्या आतली रचना कुणाला सांगितली नसेल, आणि नुसता पाऊच बघून किंवा फाडून ते कुणाला कळणारही नसेल, तर तेवढ्या भागावर अर्ज होतो का बघता येतं, अर्थात त्या भागात स्वतःची काही हुशारी असली पाहिजे. आणि इथून पुढं फॅब्रिकेशनवाल्याला ड्रॉइंग द्यायच्या आधी गुप्ततेच्या कागदावर सही घ्या. 'आपलाच माणूस आहे' म्हणून सोडून देऊ नका, कारण तो तुमचं ड्रॉइंग टेबलावर तसंच ठेवतो आणि पुढचं गिऱ्हाईक ते बघतं.

क्लेम म्हणजे काय हे न बघता सही करणं

अर्जात पन्नास पानं वर्णन असलं तरी तुमच्या हक्काची हद्द ठरते ती शेवटच्या क्लेम्सवर, म्हणजे 'एवढं माझं' असं सांगणाऱ्या क्रमांकाच्या वाक्यांवर. आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत, एजंटनं लिहिलंय ना, बास.

उदाहरण घेऊ. समजा तुम्ही एक डबा केला. तालुक्याच्या लॅबमधून रक्ताच्या ट्यूब एसटीनं सोलापूरला येतात, मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं सांगायला नको, आणि बर्फ थेट चिकटला तर रक्त गोठून पेशी फुटतात आणि सॅम्पल वाया. म्हणून तुम्ही ट्यूबच्या भोवती थोडी हवेची पोकळी ठेवली आणि तिच्या बाहेर ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या जेलचा थर दिला. चांगली गोष्ट आहे. आता क्लेम काय लिहिला? '३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा, १२ भोकांचा, झाकणाला निळं हँडल असलेला डबा'. झालं, शेजारचा माणूस ॲल्युमिनियमचा १४ भोकांचा डबा करतो आणि तुम्ही बघत बसता, कारण तो तुमच्या हद्दीत आलाच नाही.

दुसरं टोक म्हणजे 'रक्ताचे नमुने थंड ठेवणारा डबा'. असले डबे कितीतरी वर्षं आहेत, अर्ज तपासणारा पेटंट ऑफिसचा परीक्षक पहिल्याच रिपोर्टमधे चार जुनी पेटंट पुढं टाकतो. पहिल्या क्लेममधे जे खरं काम करतं तेच यायला पाहिजे: ट्यूब धरणारी चौकट, ठरावीक तापमानाला वितळणारा थर, आणि दोघांच्या मधे ट्यूब गोठू न देणारी पोकळी. धातू कुठला, भोकं किती, जेल कशाचं, पोकळी किती मिलिमीटर, हे सगळं खालच्या, पहिल्या क्लेमवर अवलंबून असलेल्या क्लेम्समधे एकेक करून. म्हणजे वरचा क्लेम पडला तरी खालचा उभा राहू शकतो. ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत मूळ फीत बसतं, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन १६०० रुपये, त्यापुढं प्रत्येक क्लेमला ३२० आणि प्रत्येक पानाला १६०. ३२० रुपये वाचवायला म्हणून कामाचा क्लेम गाळणारे लोक आहेत, काय बोलणार.

आणि एक, डब्याला वरून थर्मामीटर चिकटवलं, बाजूला टॉर्च लावली म्हणून नवीन शोध होत नाही. ओळखीच्या वस्तू एकत्र ठेवल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करतीये, तर कलम ३(एफ) आडवं येतं. पेटंट कायद्याचं कलम ३ म्हणजे कशाकशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी. थर्मामीटरच्या रीडिंगवरून डब्यात आपोआप काही बदलत असेल तर गोष्ट वेगळी.

औषधाच्या बाबतीत घरचा काढा आणि कलम ३

'आमच्या आजोबांचा शंभर वर्षांचा नुस्खा आहे, पेटंट करायचंय.' अहो, तुम्हीच सांगताय शंभर वर्षं जुना आहे म्हणून! परंपरागत ज्ञान ३(पी) खाली बाद होतं. हळदीचं प्रकरण आठवा, १९९५ मधे अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम भरते यावर पेटंट मिळालं होतं, माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने लेखी पुरावे टाकून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ ला ते रद्द झालं. आपण ज्या मुद्द्यावर जिंकलो तोच मुद्दा आपल्या अर्जाला लागतो हे लोकांना पटत नाही.

चार वनस्पती एकत्र केल्या तर ३(ई) येतं, नुसतं मिश्रण चालत नाही, एकत्र केल्यावर सुट्या सुट्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त काहीतरी होतंय याचा डेटा पाहिजे. त्यामुळं प्रयोग करतानाच अ वेगळं, ब वेगळं, अ अधिक ब वेगळं असे गट ठेवा, आणि ते निकाल अर्जात टाका. नंतर परीक्षकानं विचारल्यावर धावपळ करून केलेल्या डेटाला तेवढं वजन नसतं.

माहीत असलेल्या रेणूचा नवा क्षार, नवा स्फटिक असेल तर ३(डी). एप्रिल २०१३ मधे सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाच्या केसमधे सांगितलं की गुण वाढला पाहिजे म्हणजे उपचारातला गुण वाढला पाहिजे, नुसतं पाण्यात जास्त विरघळतं, जास्त टिकतं एवढ्यानं भागत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, तर 'आमची गोळी लवकर विरघळते' एवढ्या एका ओळीवर अर्ज करू नका.

उपचाराची किंवा निदानाची पद्धत पण पेटंट होत नाही, ३(आय). पण पद्धत नाही तर साधन होऊ शकतं. 'थेंबभर रक्तातून अमुक आजार ओळखण्याची पद्धत' असं न लिहिता ती पट्टी, तिच्यावरचे थर, ते वाचणारं यंत्र यावर क्लेम बांधा. इथलं रोप, पान, मूळ वापरलं असेल तर जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचं काम वेगळं करावं लागतं, फॉर्म १ मधेच, म्हणजे पेटंटच्या मूळ अर्जातच, त्याचं घोषणापत्र आहे, आणि एजंट कधी कधी न विचारता तिथं टिक करून मोकळा होतो.

ॲमेझॉनवर नाही म्हणजे जगात नाही

शोध घ्यायचा म्हणजे इंडियामार्ट, ॲमेझॉन बघायचं नाही. पेटंट ऑफिसची इनपास साइट, गूगल पेटंट्स, एस्पेसनेट, तिन्ही फुकट. वस्तूच्या नावानं शोधू नका, काय करते त्यावरून शोधा, आणि पेटंटं विषयवार लावलेली असतात त्या वर्गाचा कोड वापरा: लॅबची साधनं बी०१एल, औषधी मिश्रणं ए६१के, डबे-पिशव्या-बाटल्या बी६५डी. एक संध्याकाळ घातली तरी बरेच गैरसमज उतरतात.

बाटलीचा आकार, चटणीचं नाव आणि चादर

पॅकिंगवाल्यांचा हा घोळ हमखास. नुसता दिसण्यातला नवेपणा, बाटलीचा आकार, पेटीवरची नक्षी, ते डिझाइन कायदा २००० खाली नोंदवायचं, १० वर्षं मिळतात आणि पुढं ५ वाढवता येतात. नाव आणि लोगो ट्रेडमार्कमधे. सोलापुरी चादर, सोलापूरचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी यांना आहे ते जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची नोंदणी, पेटंट नाही, आणि ते कुणा एकाचं नसतं. पेटंट लागतं ते काम करणाऱ्या गोष्टीला. डाळिंबाच्या पेटीची भोकं नुसती छान दिसतात तर डिझाइन, पण भोकांच्या जागेमुळं खालच्या थरातलं फळ कमी तापतं हे मोजून दाखवता येतंय तर पेटंटचा विचार करा. एकाच पेटीला दोन्ही असू शकतं. फक्त डिझाइनलाही तोच नियम, बाजारात आणायच्या आधी अर्ज.

व्हॉट्सॲपवर विकत मिळणारं पेटंट

हे जरा सविस्तर बोलायला पाहिजे कारण कॉलेजवाल्यांच्यात याचा सुळसुळाट झालाय. मेसेज येतो, 'इंटरनॅशनल पेटंट, पहिलं नाव इतके, चौथं नाव इतके, आठ दिवसात सर्टिफिकेट'. प्रमोशनला, कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकला मार्क लागतात म्हणून लोक पैसे भरतात. मिळतं काय तर बहुतेक वेळा यूकेचं डिझाइन रजिस्ट्रेशन, एखाद्या 'एआय बेस्ड ब्लड ॲनालायझर'च्या डब्याचं चित्र. तिथं डिझाइन नवीन आहे का हे नोंदणीच्या वेळी तपासतच नाहीत. जर्मन युटिलिटी मॉडेलचंही, म्हणजे तिथल्या छोट्या पेटंटसारख्या नोंदणीचंही, तेच, नोंदवताना नावीन्याची परीक्षा नाही. दोन्ही कायदेशीर गोष्टी आहेत, त्यांच्या जागी उपयोगाच्या पण आहेत, पण त्यांना पेटंट म्हणून बायोडेटात लिहिणं म्हणजे सरळ फसवणूक आहे, आणि मुलाखतीला जाणता माणूस बसला असेल तर तिथंच सापडतं. आंतरराष्ट्रीय पेटंट अशी एकच गोष्ट जगात कुठं मिळत नाही, पीसीटी हा बऱ्याच देशांसाठी मिळून एक अर्ज टाकायचा करार, फक्त अर्जाचा रस्ता आहे, शेवटी प्रत्येक देशात वेगळं घ्यावं लागतं.

शोधक म्हणून नाव त्याचंच ज्यानं डोकं चालवलं. प्राचार्य, संस्थेचे सचिव, मित्राची बायको यांची नावं घालायची आणि ज्या पोरानं रात्री जागून यंत्र जमवलं त्याला गाळायचं, हे नुसतं वाईट नाही तर पुढं अडचणीचं आहे, दुसऱ्याचा शोध चोरून घेतला या कारणावर विरोधही करता येतो आणि मिळालेलं पेटंट रद्दही होऊ शकतं. मार्गारेट नाइटनं सपाट बुडाच्या कागदी पिशव्यांचं यंत्र केलं तेव्हा वर्कशॉपमधे ते बघितलेल्या माणसानं आधीच अर्ज टाकला होता, बाई आपली ड्रॉइंग्ज, नोंदी आणि साक्षीदार घेऊन भांडली आणि १८७१ मधे पेटंट तिच्या नावावर झालं. त्यामुळं तारखेसकट लॅबबुक ठेवा, पण नुसत्या वहीवर विसंबू नका, आपल्याकडं दोघांनी एकमेकांना न विचारता तोच शोध लावला तर आधी अर्ज करणारा पुढं.

तारखा

प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं वर्णन टाकलं की १२ महिन्यांत कम्प्लीट म्हणजे क्लेमसकट पूर्ण वर्णन टाकायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. प्रोव्हिजनल दोन ओळींचं टाकू नका, जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, त्या दिवशी हार-तुरे घेऊन फोटो काढतात लोक, पण तेव्हा पेटंट मिळालेलं नसतं, परीक्षा व्हायचीये. आणि परीक्षा मागितल्याशिवाय होत नाही, त्यासाठी फॉर्म १८, पूर्वी ४८ महिने होते, मार्च २०२४ च्या नियमांपासून नव्या अर्जांना ३१ महिने. जुनं ब्लॉग वाचून बसाल तर फसाल. परीक्षकाचा पहिला रिपोर्ट आला की उत्तराला ६ महिने, फी भरून आणखी ३. अर्ज पेंडिंग असताना पाकिटावर 'पेटंटेड' छापू नका, कलम १२० खाली दंड आहे, 'पेटंटसाठी अर्ज केलेला' एवढंच छापा आणि तेही अर्ज खरंच असेल तरच.

पेटंट मिळालं तरी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी, २० वर्षांपर्यंत. चुकली तर ६ महिन्यांत दंडासकट भरता येते, तेही चुकलं तर पेटंट बंद पडल्यापासून १८ महिन्यांत फॉर्म १५ वर पुन्हा चालू करायची विनंती करता येते, पण मुद्दाम केलं नाही आणि उगाच उशीर लावला नाही हे पटवून द्यावं लागतं. अर्जात ईमेल द्यायचा तो स्वतःचा द्या, एजंटचा किंवा कॉलेजच्या ऑफिसचा एकटा देऊ नका. क्लार्कची बदली होते, मेल कुणी उघडत नाही, आणि रिपोर्ट आलाय हे मुदत संपल्यावर कळतं. अर्ज नंबर टाकून इनपासवर स्टेटस दर महिन्याला स्वतः बघा, दोन मिनिटांचं काम आहे.