मुलांसोबत घरी पूल बांधायचाय? कागदापासून सुरू करा

लगेच आईस्क्रीमच्या काड्या आणायला धावू नका. आधी पुस्तकांच्या दोन थप्प्या वीसेक सेंटीमीटर अंतरावर ठेवा, वर एक ए४ कागद आडवा टाका आणि मुलांना मधोमध एक रुपयाचं नाणं ठेवू दे. कागद लगेच खाली बसतो. आता तोच कागद पंख्यासारख्या बारीक घड्या घालून ठेवायला सांगा आणि मग नाणी मोजत बसा, कागद तोच पण ताकद केवढी वाढली हे बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

मग काड्या. चार काड्यांचा चौकोन टाचणीने जोडा, कोपऱ्यात दाबला की तो तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. कोलकात्याचा हावडा ब्रिज १९४३ साली सुरू झाला, त्याचा फोटो दाखवा आणि त्यातले त्रिकोण मुलांनाच शोधू दे, तुम्ही बोट दाखवू नका प्लीज.

डिझाइन आधी कागदावर काढून घ्या, दोन्ही बाजू सारख्या करा, फेविकॉल लावून कपड्यांचे चिमटे लावा आणि रात्रभर वाळू द्या, इथे घाई केली की सांधे सुटतात.

टेस्टिंगला मधोमध छोटी बादली टांगा आणि पेल्याने पाणी ओता, पेले मोजा. पूल मोडला तर लगेच फेकू नका हां, काडी तुटली की सांधा सुटला ते आधी नीट बघा, त्यावरूनच पुढच्या पुलात काय बदलायचं ते मुलं स्वतः सांगतात.