वणव्याचा धूर आणि विम्याचा क्लेम: या चुका टाळा

मार्च लागला की काटोल, हिंगणा, रामटेककडे धुरे (शेताचे बांध) पेटवले जातात, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. वारा फिरला की ती आग जंगलालगतच्या घरांपर्यंत येते. नागपुरात लोकांच्या क्लेमची कागदपत्रं मी बावीस वर्षं लावून देतोय, आणि दर उन्हाळ्यात त्याच चुका बघतोय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा माणूस, येण्याआधी घर धुऊन काढणं. काटोल रोडच्या एका गृहस्थांच्या कंपाउंडपर्यंत गवताची आग आली. टिनाचं शेड जळलं, घर वाचलं, पण प्रत्येक खोलीत काजळी. चार दिवसांवर मुलीचं साक्षगंध (साखरपुडा). त्यांनी पेंटर लावला, गाद्या-पडदे कबाड्याला देऊन टाकले. सर्व्हेअर पाचव्या दिवशी आला आणि त्याला पांढऱ्याशुभ्र भिंती दिसल्या. मोबाईलमध्ये तीन फोटो, तिन्ही शेडचे. शेडचे पैसे मिळाले, घरातल्या नुकसानीचा एक रुपया नाही. मला म्हणाले, "साक्षगंध होतं ना जी, काळ्या भिंतीत पाहुणे कसे बसवू?" त्यांची अडचण खरी होती. पण सर्व्हेअर जे बघतो तेच लिहितो. एक फोन आधी केला असता तर साक्षगंध दुसरीकडे करा, एवढंच मी सांगितलं असतं.

माझी सवय सांगतो. कशालाही हात लावण्याआधी फाटकापासून सलग व्हिडिओ, तारीख तोंडाने बोलून. कपाटं उघडून, फ्रिज सरकवून मागचंही घ्यायचं. मग प्रत्येक खोलीत भिंतीचा थोडासा भाग वेगळ्या कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसायचा आणि ते फडकं खोलीचं नाव लिहून पिशवीत ठेवायचं. नुकसान वाढू न देणं हीसुद्धा तुमचीच जबाबदारी आहे. त्यामुळे फुटलेल्या खिडकीला ताडपत्री लावा, पण कंपनीला ईमेल करून, फोटो काढून. गाद्या मागच्या अंगणात पडू द्या.

सर्व्हेअर बघून गेल्यावर साफ करतानाही काजळीवर ओलं फडकं फिरवू नका. ती तेलकट असते, भिंतीत मुरते. आधी कोरडी झटका.

कूलरचं तर दरवर्षी सांगतो. वास जावा म्हणून लोक लगेच कूलर लावतात. बाहेर धूर असेल तर तो आत ओढला जातो आणि पॅडमधली राख घरभर उडते. पॅड बदला, पण जुने सर्व्हेअरला दाखवून. टीव्ही, इन्व्हर्टर, कॉम्प्युटरही तपासल्याशिवाय सुरू करू नका. प्लास्टिक किंवा वायरी जळाल्या असतील तर त्या धुरात आम्ल असतं, ते सर्किट खातं. आज चालू झालेला टीव्ही महिन्याने बंद पडला की तो धुरानेच बिघडला हे सिद्ध करता येत नाही.

पॉलिसी न वाचणारे तर घरोघरी. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत जंगलातली आग धरलेली आहे. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत झुडपांची आग होती, जंगलाची आग वेगळे पैसे भरून घ्यावी लागे. तुमच्या कागदावर काय आहे ते आजच बघा. बँकेने कर्जासोबत दिलेली पॉलिसी कधी फक्त इमारतीची असते.

दुकानदारांनो, विमा कमी रकमेचा काढून प्रीमियम वाचवू नका. ४० लाखांचा माल आणि विमा २० लाखांचा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीवर २ लाखच हातात येतात, कारण विमा निम्म्याचा तर भरपाईही निम्मीच. हा शॉर्टकट सुचवणारा एजंट क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

गावात अग्निशमन दल पोहोचलं नसेल तर तलाठ्याचा पंचनामा आणि पोलिसांत नोंद त्याच दिवशी करा. कंपनीला लेखी कळवा, क्लेम नंबर घ्या.

क्लेमची रक्कम मान्य असल्याच्या कागदावर घाईने सही नको. रक्कम पटत नसेल तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र जपून ठेवा, कारण त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.