पत्रिका, स्मरणिका छापायची आहे? डीटीपीवाल्याकडं येण्याआधी एवढं करा की

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईची फाईल करून द्यायचं दुकान आहे. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्यातच गावोगावच्या यात्रांच्या, जीर्णोद्धाराच्या स्मरणिका. वेळ डिझाईनला लागत नाही बघा, वेळ जातो तो अर्धवट मजकूर आणि खराब फोटो सावरण्यात, आणि चुका पण तिथंच राहतात.

नावं इंग्रजी अक्षरांत टाईप करून पाठवू नका वो. के ए एल ई आलं तर मी काळे लावू की काले? मागं एकदा अंदाजानं काळे लावलं, घरची मंडळी निघाली काले, आणि ५०० पत्रिका छापून झालेल्या. मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. मोबाईलला मराठी कीबोर्ड असतोच, त्यावर टाईप करा नाहीतर सरळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणा, पण सगळं एकदम द्या, दहा व्हॉईस मेसेजमधनं तुकडे जोडत बसलं की एखादा काका सुटतोच. आपल्याकडं बऱ्याच पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड असतात. ते कन्नड मोबाईलवर भाषांतर करून आणू नका, नात्याचे शब्द बदलतात, नावांची मोडतोड होते. कन्नड शाळेत शिकलेल्या कुणाकडनं तरी लिहून घ्या.

जुनी फाईल असेल तर फॉन्टचं बघा. पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमधली, श्रीलिपी किंवा कन्नड नुडी फॉन्टातली फाईल, ते फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून फाईलसोबत पीडीएफ पण आणा, म्हणजे मूळ काय होतं ते तरी कळतं. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर युनिकोडमधे, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत असतो, तो जुन्या फॉन्टमधे बदलून घेताना रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' सारखी अक्षरं हमखास बिघडतात, प्रूफात, म्हणजे छापण्याआधी तपासायला देतो त्या नमुन्यात, तिथं आधी नजर टाका.

आता फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो, स्क्रीनवर छान दिसतो आणि कागदावर फाटतो, म्हणजे धूसर, चौकोनी ठिपक्यांचा येतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राईव्हवर आणा, स्क्रीनशॉट तर नकोच. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे फोटोचे ठिपके लागतात, म्हणजे ५ बाय ७ इंचाचा फोटो छापायचा तर १५०० बाय २१०० पिक्सेल हवेत, आणि लहान फोटोचा आकडा फोटोशॉपमधे नुसता वाढवून उपयोग नाही, नसलेले बारकावे येत नाहीत. लांबनं बघायच्या फ्लेक्सला यापेक्षा कमी चालतं.

स्मरणिकेला बहुतेक वेळा लागतो तो वारलेल्या आजोबांचा फोटो, आणि तो असतो भिंतीवर काचेत. ट्यूबलाईटखाली उभं राहून मोबाईलनं काढला की कपाळावर पांढरा पट्टा येतो, काचेत काढणाऱ्याचा हात दिसतो. फ्रेम मागनं सावकाश उघडून फोटो आणा, काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट घेऊन या, आम्ही बघतो. पासपोर्टचा फोटो दुप्पट मोठा छापायचा तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन करायला सांगा. घरात तेवढा एकच फोटो असतो कित्येकांच्या, म्हणून मी तो समोरच स्कॅन करून लगेच हातात परत देतो.

रंगाचं थोडक्यात, मोबाईलवरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईत मवाळच येतो, कारण प्रेसची शाई सीएमवायके, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चारच शाया, त्यात तेवढा झगझगीतपणा येत नाही. स्वतः डिझाईन करून आणत असाल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा रंग सोडा आणि अक्षरं कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर कटिंगला मोबाईल नंबरचा शेवटचा आकडा जातो.

प्रूफ मोबाईलवर वरवर बघून 'ओके' टाकू नका. प्रिंट घ्या, एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं. तारीख आणि वार भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळवा, मुहूर्ताची वेळ भटजींच्या चिठ्ठीशी, आणि दिलेला फोन नंबर खरंच लावून बघा. कन्नड बाजू ज्यानं लिहून दिली त्यालाच दाखवा. मगच सही करा, एकदा छपाईच्या मशीनची प्लेट निघाली की दुरुस्तीला परत प्लेटचा खर्च पडतो.