क्यूचा शाफ्ट घडवताना

पूल या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायची काठी म्हणजे क्यू. क्यूचा सगळा जीव शाफ्टमध्ये, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागात असतो; बटावरची, म्हणजे मागच्या जाड भागावरची नक्षी नंतर. हार्ड मेपलच्या लाकडाचा दांडा निवडताना मी आधी लाकडातल्या रेषा बघतो. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात, मध्येच बाजूला निसटल्या तर दांडा बाद. लेथवर एका वेळी अगदी पातळ थर काढा, मग दांडा उभा टांगून काही आठवडे विसरून जा. लाकडातला ताण सुटतो, दांडा किंचित वाकतो. जाडी राखलेली असेल तर पुढच्या फेरीत तो बाक निघून जातो. इथे घाई करणाऱ्याचा शाफ्ट पुढे हमखास वाकतो. टोकाशी १३ मिलिमीटरच्या आसपास थांबा. फेरूलवर, म्हणजे शाफ्टच्या टोकावर बसवलेल्या छोट्या नळीवर, चामड्याची टिप चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग सपाट घासा. फट राहिली की फटका बद्द वाजतो.