‘पिक अप’चे अर्थ आणि समानार्थी शब्द कसे शिकावेत

कोल्हापुरात ‘पिकअप’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. ‘गाडीला पिकअप न्हाई भावा’ हे गॅरेजवाल्याला सांगताना आपलं इंग्रजी कुठंच अडत नाही, आणि शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला कास्टिंग भरलेली पिकअप तर रोजच आडवी येते. अडतं ते क्रियापद म्हणून वाक्यात लिहायची वेळ आली की. मी बरीच वर्षं एका फौंड्रीच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं लिहितोय आणि संध्याकाळी राजारामपुरीत गल्लीतल्या पोरांचं इंग्रजी बघतोय. पोरं येतात ती ‘पिक अपचे पंधरा अर्थ’ अशी झेरॉक्स घेऊन. ती आधी बाजूला ठेवा. तिच्यावर भेळ बांधता येईल, इंग्रजी येणार नाही.

१. ‘अप’ म्हणजे ‘वर’ हे डोक्यातनं काढा. ‘रागाच्या भरात बोलून गेला’ म्हणतो तेव्हा तो कुठं गेलेला नसतो, ‘नको ते करून बसला’ म्हणतो तेव्हा तो उभाही असू शकतो. तसंच हे.

२. नाम आणि क्रियापद वेगळं ओळखा. नाम जोडून लिहितात आणि बोलताना जोर ‘पिक’वर येतो, क्रियापद तोडून लिहितात आणि जोर ‘अप’वर जातो.

३. अर्थ पाठ करू नका, काय ‘पिक अप’ केलं ते बघा. खाली पडलेला रुमाल असेल तर उचलणं. स्टँडवर उतरलेली मावशी असेल तर तिला आणायला जाणं. सर्दी असेल तर होणं, वेग असेल तर घेणं, सिग्नल असेल तर पकडणं, हॉटेलचं बिल असेल तर सगळ्यांचं आपण भरणं. अर्धवट राहिलेली गोष्ट असेल तर जिथं सोडली तिथनं पुढं सुरू करणं. आणि पुढं कर्मच नसेल, नुसतं ‘सेल्स आर पिकिंग अप’ असेल, तर सुधारणं. वारा असेल तर जोर धरणं.

यात अवघड काय आहे? आपलं ‘उचलणं’ काय कमी आहे का? पैलवान गडी उचलतो, ऊसतोडीची टोळी मुकादमाकडनं उचल घेते, आणि ‘रात्री पोलिसांनी दोघांना उचललं’ म्हटल्यावर कुणी त्यांचं वजन विचारत नाही. वहीत प्रत्येक अर्थाचं एक वाक्य लिहा, आपल्या रोजच्या जगण्यातलं. झालं.

४. आता समानार्थी शब्द. इथं मात्र थांबा, कारण इथंच मी तोंडावर आपटलोय.

नोकरीचं पहिलंच वर्ष. परदेशातनं एक पाहुणा येणार होता, पुणे विमानतळावर उतरणार होता. पत्रात ‘पिक अप’ दोनदा येऊन गेलं होतं. तिसऱ्यांदा तेच कसं लिहायचं, म्हणून मी यादीतला पहिला समानार्थी शब्द उचलला आणि ठोकून दिलं : ‘अवर ड्रायव्हर विल लिफ्ट यू अ‍ॅट द एअरपोर्ट.’ पाहुण्याचं उत्तर आलं की माझं वजन ९८ किलो आहे, ड्रायव्हरला आधी कल्पना द्या. मालकांनी ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं आणि मला विचारलं, ‘का रं, ड्रायव्हरला खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवायचा हाय का?’ बरं, ‘गिव्ह यू अ लिफ्ट’ लिहिलं असतं तर चाललं असतं. तिथं लिफ्ट हे नाम आहे. नुसतं ‘लिफ्ट’ म्हणजे हातानं वर उचलणं.

चूक माझी होतीच, पण यादीचीही होती. अशा याद्या थिसॉरसवरनं, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशावरनं, उतरवलेल्या असतात. रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १८५२ साली आपला थिसॉरस छापला तो ज्याला शब्द माहीत आहे पण ऐनवेळी आठवत नाही, त्याच्यासाठी. ज्याला शब्दच माहीत नाही त्यानं त्यातनं शिकायला जाणं म्हणजे तांबड्या रश्श्याची कृती मसाल्याच्या दुकानाच्या पाटीवरनं शिकणं.

म्हणून माझं ठाम मत : ‘पिक अप’ला समानार्थी शब्द नाही. त्याच्या एकेका अर्थाला आहे. माणसाला आणायचं असेल तर ‘कलेक्ट’ किंवा ‘फेच’, पण ‘फेच’मध्ये जाऊन घेऊन परत येणं असतं. सर्दी असेल तर ‘कॅच’. सिग्नल असेल तर ‘रिसीव्ह’ किंवा ‘डिटेक्ट’. वेग असेल तर ‘गेन’. धंदा सुधारत असेल तर ‘इम्प्रूव्ह’. फोन असेल तर ‘आन्सर’. राहिलेलं काम असेल तर ‘रिझ्यूम’. यातला एकही दुसऱ्याच्या जागेवर बसत नाही.

आणि जागेवर बसला तरी रंग बदलतो, हे कुठलीच झेरॉक्स सांगत नाही. महाद्वार रोडच्या दुकानदाराला निपाणी-संकेश्वरच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून कन्नड येतं, ते ‘पिक अप’. क्लास लावून, वही घालून शिकला असेल तर ते ‘लर्न’. ‘अक्वायर’ लिहिलंत तर अर्थ तोच राहील, पण भाषा अहवालाची होईल. वाटेत पाव घेतला तर ‘पिक अप’. त्याला ‘पर्चेस’ म्हणणं म्हणजे बायकोनं ‘येताना मिसळीला पाव घेऊन या’ म्हणायच्या ऐवजी ‘पाव खरेदी करावा’ म्हणणं. पोलिसांचंही तसंच. ‘अरेस्ट’ म्हणजे कायद्यानं अटक, ‘पिक अप’ म्हणजे आपलं ‘उचललं’. दोन्हीत किती अंतर असतं ते कुठल्याही वकिलाला विचारा.

मी अजूनही एक करतो. शब्द बदलला की ते वाक्य मराठीत मोठ्यानं म्हणून बघतो. मराठीत हसू आलं तर इंग्रजीतही येणार. शंका राहिलीच तर शिकणाऱ्यांसाठी काढलेला शब्दकोश बघायचा, ज्यात प्रत्येक अर्थाखाली अख्खं वाक्य असतं. शब्दाला शब्द देणारा कोश यात कामाचा नाही. आणि दुसरा शब्द सापडलाच नाही तर तिसऱ्यांदाही ‘पिक अप’ लिहा. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

५. सर्वनाम मधेच घाला. ‘पिक अप द बॉक्स’ आणि ‘पिक द बॉक्स अप’ दोन्ही चालतं, पण ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ आलं की फक्त मधे : ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कधीच नाही.

६. शेपटीकडं लक्ष ठेवा. मागं ‘आफ्टर’ लागलं की कुणीतरी केलेला पसारा आवरणं, ‘ऑन’ लागलं की न सांगता ध्यानात येणं. पण ‘अप’ जाऊन नुसतं ‘पिक ऑन’ राहिलं तर ते एखाद्याला सारखं छळणं होतं. गेल्या आठवड्यात एका पोरानं निबंधात लिहिलं की वडील मला रोज शाळेत ‘पिक ऑन’ करायला येतात. वडील बिचारे बाहेर स्कूटर लावून उभे होते.