नव्या शहरात आवडता भाग शोधताय? या चुका टाळा

घर बघायला मी गेले ती रविवारी सकाळी अकराला. गल्लीभर झाडांची सावली, भिंतीवर दोन मांजरी, कुठल्यातरी खिडकीतून येणारा रेडिओ. 'हाच आपला भाग' असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि वर्षभराच्या करारावर सही केली. सोमवारी पावणेसातला पहिला हॉर्न वाजला. गल्लीच्या टोकाला शाळेचं मागचं फाटक होतं. रविवारी ते बंद, त्यामुळे मला ती नुसती भिंत वाटली होती.

एकाच वेळेला बघून निकाल लावायचा, ही सगळ्यांकडून होणारी चूक. कोणताही भाग निदान तीनदा बघावा: कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी ऑफिसं सुटताना आणि रात्री साडेनऊच्या पुढे. रात्रीची फेरी टाळू नका. रस्त्यावरचे दिवे नुसते उभे आहेत की लागतातही? एकटीदुकटी बाई निवांत चालतेय की भराभर पाय उचलतेय? हे दिवसा कळत नाही आणि घर दाखवणारा तर सांगतच नाही.

दुसरी चूक नकाशावरची. 'बाग तर सहाशे मीटरवर आहे' असं आपण म्हणतो, पण मध्ये रेल्वेचे रूळ असतात आणि पूल असतो दीड किलोमीटरवर. केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९६० साली मांडलं होतं, की माणसं शहर डोक्यात साठवतात ते वाटा, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा यांच्या आधारे. रूळ, नदी, मोठा हायवे या त्यातल्या 'कडा'. कडेपलीकडचं कितीही जवळ असलं तरी पाय तिकडे वळत नाहीत. साधारण चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने, १५ मिनिटांत सव्वा किलोमीटर होतं. तेवढं एकदा स्वतः चालून बघा. गाडीतून बघितलेला भाग हिशेबात धरू नका; काचेआडून सगळंच बरं दिसतं.

आता खरी मेख. नव्या शहरात आलेला उत्साही माणूस यादी करतो आणि दर शनिवारी एक भाग उरकतो. सहा महिन्यांत सगळं शहर एकेकदा बघून होतं, दुसऱ्यांदा मात्र कुठेच जाणं होत नाही. मग तक्रार सुरू, 'इथे काही आपलंसं वाटत नाही.' कसं वाटणार? रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली लोकांना निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवले. कुठलं जास्त वेळा, कुठलं कमी. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना जास्त आवडलं. भागाचंही तेच होतं. (पहिल्याच भेटीत अंगावर आलेली जागा मात्र दहा फेऱ्या मारल्या तरी गोड होत नाही, असा माझा अनुभव आहे. तिचा नाद सोडा.)

म्हणून दहा भाग एकेकदा बघण्यापेक्षा त्यातले दोन निवडा आणि महिनाभर पुन्हा पुन्हा जा. जमलं तर त्याच वाराला, त्याच वेळेला. आणि पाहुण्यासारखं भटकायला नको, काम घेऊन जा. केस तिथे कापा, झेरॉक्स तिथे काढा, वाचनालयाचं सभासदत्व तिथलं घ्या. चौथ्या खेपेला कुणीतरी 'आज उशीर झाला?' असं विचारतं. कानात हेडफोन असतील तर तेही ऐकू येणार नाही.

जुन्या शहराशी तुलना करू नका, असं सगळेच सांगतात. मी म्हणेन, करा, पण नीट करा. तुम्हाला जुना कट्टा आठवतोय की तिथे भेटणारी दोन माणसं? कट्टे कुठेही असतात. माणसं आठवत असतील तर भाग बदलून उपयोग नाही, फोन उचला.

आणखी एक हट्ट दिसतो: राहतो तोच भाग आवडता हवा. कशाला? रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने घर आणि कामाची जागा सोडून माणसाला लागणाऱ्या 'तिसऱ्या जागे'बद्दल १९८९ साली सविस्तर लिहिलं. ती जागा घराच्या गल्लीतच असली पाहिजे असं काही नाही. फक्त न ठरवता उठून जाता येईल इतकी जवळ हवी. दोन वाहनं बदलून जावं लागलं की ती सहल होते.

मला त्या शहरात शेवटी जो भाग आवडला, तो माझ्या यादीत नव्हताच. बसमध्ये चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी मधल्याच एका स्टॉपवर उतरले. कोपऱ्यावर चपला शिवणारे काका म्हणाले, "अर्ध्या तासाने या. तोवर हे स्लीपर घाला." त्या दोन नंबर मोठ्या स्लीपरमध्ये फटक फटक करत मी अर्धा तास त्या गल्ल्यांतून हिंडले. पुढच्या आठवड्यात छत्रीची काडी घेऊन पुन्हा गेले. ती काही त्यांना जमली नाही. पण समोरच्याच जिन्यावर 'भाड्याने देणे' अशी पाटी लागली होती, ती त्यांनीच बोट करून दाखवली.